टाळूची जागा

आज वर्गात प्रयोगशाळेतली खरी कवटी घेऊन मी पेन्सिलीने एकेक हाड दाखवत होते. कपाळाचे एक, त्यामागे दोन्ही बाजूंची दोन, आणि त्यांना जोडणारी नागमोडी शिवण.

"बाई, हा का हसतोय?" मागच्या बाकावरून एकाने विचारले.

"तुझी उत्तरपत्रिका पाहिली असेल," मी म्हणाले. वर्ग खळखळून हसला. मी सवयीने पेन्सिल कवटीच्या डोळ्याच्या खोबणीत खोचली आणि ती तिन्ही हाडे मिळतात तिथे बोट टेकवले. "ही टाळूची जागा. तान्हेपणी इथे हाड नसते, ते पुढे भरून येते."

पहिल्या बाकावरची मुलगी हसली नव्हती. "आमच्या बाळाची टाळू आई रोज तेलाने भरते," ती म्हणाली. "बाई, यांचीही कुणी भरली असेल ना?"

"असेल," मी म्हणाले. त्या मऊ जागेवर टेकलेला तेलाचा तळवा मी शिकवते त्या कोणत्याच आकृतीत नसतो.

मी पेन्सिल काढून घेतली. कपाटात ठेवण्यासाठी कवटी उचलताना माझा हात आपोआप मागून मान सावरायला गेला. तिथे मान नव्हती.