शेवंतीनं बांधलेली कंबर

कोलशेतच्या कोळीवाड्यात शेवंतीच्या वाटेला कोणी जात नसे. माजिवड्याच्या नाक्यावर मासे विकायला बसली की हिच्या तोंडाचा पट्टा सुरू. "हात उचल! बघायचं तर डोळ्यांनी बघ, बोटांनी नको!" एकदा एका साहेबानं निवट्या शिळ्या आहेत म्हणत तिची पाटी पायानं ढकलली. बाई उठली आणि त्याच्या कानाखाली असा आवाज काढला की शेजारचा नारळवाला आपले नारळ आवरायला लागला. साहेब पोलिसांत जाणार होता म्हणे. गेला नाही. कोळणीच्या हातचा मार खाल्ला हे चौकीत कुठल्या तोंडानं सांगणार!

अशी ही जहांबाज बाई चालायची मात्र कमरेतून वाकून, एक हात मांडीवर टेकत. कोणी विचारलं की उत्तर तयार. "बाळंतपणात गेली गो कंबर." साऱ्या कोळीवाड्याला हेच ठाऊक होतं, आणि चार म्हाताऱ्यांना हे खोटं आहे हेही ठाऊक होतं.

खरं ते असं. पोरगा हितेश जन्मून पंधरवडासुद्धा झाला नव्हता. शेवंती बाजेवर, खाली शेकाची शेगडी. नवरा गोमाजी खाडीवरून रिकामं जाळं घेऊन आला. पोर रडत होतं, कालवण थंड होतं. त्यानं तिला झिंज्या धरून खाली ओढली आणि कमरेत लाथ घातली. मग दुसरी घातली. ती शेगडीवर पडली, तिचा दंड भाजला. दुसऱ्या दिवशी सासूनं तेल लावलं, जुन्या लुगड्याचा पट्टा फाडून कंबर गच्च बांधली आणि कानाशी लागली, "कोणी इचारलं तर बाळंतपणाची कंबर सांगायची." बाळंतिणीची कंबर दुखायचीच आणि ती बांधायचीच. पट्ट्याच्या आत काय आहे ते कोण सोडून बघतंय! गोमाजी पुढे काविळीनं मेला. शेवंती रडली, कारण चार माणसं बघत होती.

हितेश मोठा झाला, एका गोदामाचा टेम्पो चालवायला लागला. त्याला ठाकुर्लीची प्राप्ती बायको म्हणून मिळाली. हसरी पोरगी. सासूच्या शिव्यांनाही फिदीफिदी हसायची. शेवंतीला ती आवडली, पण तसं बोलून दाखवेल तर शेवंती कसली! मुलगी झाली आणि प्राप्तीची कंबर धरली. बाळाला घेऊन उठताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. दवाखान्यातून व्यायामाच्या खोलीत पाठवलं. तिथे आसावरीताई होत्या, शांत बोलणाऱ्या, केसांत पेन खोचलेल्या.

"नऊ महिने पोटाचे स्नायू ताणले गेले आहेत," त्या म्हणाल्या. "ते सैल पडले की सगळा भार कमरेवर येतो. म्हणून आधी पोटाला जागं करायचं. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा. श्वास सोडताना पोट आत घ्या आणि कंबर जमिनीला दाबा. छान. आता सावकाश कंबर वर उचला. श्वास कोंडू नका."

शेवंती बाजूला उभी होती. "ही काय गो, उताणी पडलेली चिंबोरी!" प्राप्तीला हसू आवरेना आणि वर उचललेली कंबर धपकन खाली आली. आसावरीताईही हसल्या. मग त्यांनी तिला रांगत्या बाळासारखं हातागुडघ्यांवर घेतलं, पाठ मांजरीसारखी वर करायला आणि पुन्हा खाली सोडायला लावली. घरी दुपारी दार लावून हे सगळं व्हायचं. एकदा शेवंतीनंही चटईवर आडवी होऊन करून पाहिलं. "मेले, मेले," करत उठली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आडवी झाली. व्यायामानं गुण येत होता. प्राप्ती बाळाला उचलून दारापर्यंत जायला लागली होती.

आणि एका सकाळी ती अंथरुणावरून उठेचना.

शेवंतीनं रोजच्यासारखं तेल कोमट केलं, सुनेला पालथी घातली, तिच्या कमरेला बांधलेला पट्टा सोडला. कमरेच्या वर, एका बाजूला, काळानिळा डाग. टाचेएवढा. शेवंतीचा हात तिथंच थांबला. तिला कोणी काही सांगायची गरज नव्हती, असला डाग तिनं आरशात पाहिलेला होता. प्राप्ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

आता बोलायला हवं होतं की नाही? नाक्यावर साहेबाच्या थोबाडीत मारणारी ही बाई! पण घरात तिची जीभ टाळ्याला चिकटली. एकुलता एक पोरगा. उद्या त्यानं हात झटकले तर म्हातारपणी जायचं कुठं? आणि त्याहूनही एक होतं. तो चिडून उंबऱ्यात उभा राहिला की अगदी गोमाजी दिसायचा. शेवंती त्याला भ्यायची. तिनं डागाच्या कडेकडेनं बोटं फिरवली, वर पट्टा आवळला आणि जे तिच्या कानात सांगितलं गेलं होतं तेच सुनेच्या कानात सांगितलं. "ताईंनी इचारलं तर काय सांगायचं, ठाव हाय ना?"

"हो," प्राप्ती म्हणाली.

आसावरीताईंनी विचारलंच. "दुखणं एकदम वाढलं कसं? कुठे पडलात का? मार लागला का?" प्राप्तीनं सासूकडे पाहिलं. सासू भिंतीवरचा हाडांचा तक्ता बघत होती. "नाही. डिलिव्हरीपासूनचंच आहे." ताईंनी विश्वास ठेवला. बाळंतपणाच्या कमरेचा तोच व्यायाम, जरा कमी करून, चालू ठेवायला सांगितला. हाड आत चिरलेलं, आणि वर व्यायाम! प्राप्ती दात आवळून करायची आणि तिच्या पायात मुंग्या यायच्या.

रविवारी दुपारी हितेश घरी लवकर आला. प्राप्ती चटईवर गुडघे वाकवून, कंबर उचलून, श्वास सोडत होती. गरम होत होतं म्हणून खिडकी उघडी होती.

"खिडकी उघडी टाकून कंबर उडवतेस? कोणाला दाखवतेस गं?"

"अहो, व्यायाम..."

पुढचं बोलूच दिलं नाही त्यानं. वर उचललेल्या कमरेत बाजूनं लाथ बसली. ती खाली आदळली. ओरडलीसुद्धा नाही, नुसती तोंड उघडून हवा शोधत राहिली. पाळण्यात बाळ किंचाळलं. त्यानं पुन्हा पाय उचलला.

मोरीत कोलंबी सोलणाऱ्या शेवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोपऱ्यात होडीचं जुनं वल्हं टेकवलेलं होतं. ते तिनं दोन्ही हातांनी उचललं आणि पोराच्या नडगीवर हाणलं.

"आये! बाजूला हो!" त्यानं तिला ढकललं. कपाटाचा कोपरा तिच्या कपाळावर बसला, डोळ्यात रक्त उतरलं. तो पुन्हा प्राप्तीकडे वळला. वल्हं दुसऱ्यांदा आलं ते त्याच्या हातावर. कट्टकन आवाज झाला. हितेश हात पोटाशी धरून खाली बसला आणि लहान पोरासारखा विव्हळायला लागला. शेवंती थांबली नाही. खांद्यावर, मांडीवर, पाठीवर, मिळेल तिथं बडवत राहिली. तोंडानं शिव्या चालूच होत्या, आणि त्यातल्या अर्ध्या गोमाजीच्या नावानं होत्या. "मार ना! मार आता लाथ! तुझा मुडदा बशिवला तुझा!" वल्ह्याचं पातं फुटलं तरी ती उरलेल्या दांड्यानं मारत होती. शेजारचा देवराम आणि त्याची बायको धावत आली नसती तर त्या दिवशी तिनं पोटच्या पोराचा जीवच घेतला असता. आणि खरं सांगायचं तर तिला तो घ्यायचा होता.

देवराम गावकीतला जुना माणूस. त्यानं घाम पुसला आणि लगेच निस्तरायला घेतलं. "घरातलं घरात राव द्या. पोरगा होडीवरून पडला, असं सांगू. आणि सुनेचं काय, बाळंतपणाची कंबर..."

"थू!" शेवंती त्याच्या पायाशी थुंकली. "परत बोल. परत बोल तर तुझाबी हात मोडते."

दवाखान्यात आसावरीताईंच्या समोर ती उभी राहिली. कपाळाला फडकं, लुगड्यावर रक्त. प्राप्ती स्ट्रेचरवर. "ताई, माझ्या पोरानं हिला लाथा घातल्या. आज घातली, आधीबी घातलेली. मना ठाव होतं. मी वरून बांधत होते." आसावरीताईंचा चेहरा उतरला. "मी हिला व्यायाम करायला लावला," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोनकडे धावल्या. कमरेचा एक्स-रे काढला तेव्हा मणक्याच्या बाजूचं हाड चिरलेलं दिसलं. व्यायाम बंद, आधी हाड सांधू द्यायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. कंबर उभी राहील, असं आसावरीताईंनी शपथेवर सांगितलं. पोलीस आले. प्राप्तीनं सगळं सांगितलं. शेवंतीनंही सांगितलं, हात आपणच मोडला हेसुद्धा.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली तसा प्राप्तीचा भाऊ केतन ठाकुर्लीहून रिक्षा घेऊन आला. शेवंतीनं बाळाची दुपटी, डिंकाचे लाडू, ओवा, सगळं पिशवीत भरलं. हितेश तेव्हा जामिनावर सुटून मामाकडे होता. त्याचे कपडे तिनंच गाठोडं बांधून पाठवले होते.

"तो आता या घरात यायचा नाय," ती सुनेला म्हणाली. "मी उंबऱ्यात उभी हाय. कंबर बरी झाली की तू ये. तुझं घर हाय ह्ये. येशील ना गो?"

प्राप्ती भिंतीला धरून उभी होती. तिनं सासूच्या कपाळावरच्या टाक्यांकडे पाहिलं.

"तुम्ही माझ्यासाठी मारलंत, ते मी पोलिसांना नीट सांगितलंय, आई. तुमच्यावर काही येऊ नये म्हणून दोनदा सांगितलं."

"मग?"

"त्या सकाळी तेल लावताना तुमचा हात थांबलेला. माझ्या पाठीवर. मला वाटलं, आता बोलतील. मी किती वेळ वाट बघत होते."

  शेवंतीनं बाळाला, मान सांभाळून, केतनच्या हातात दिलं आणि दारातून बाजूला झाली.