दत्तूदादांच्या चरकातलं तेल

हे मी कुणाजवळ बोललेलं नाही. मुलीजवळ नाही, बहिणीजवळ नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच, आणि ते आता नाहीत. सुकुमारना जाऊन वर्ष होत आलं. समोर असताना मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही, ‘अहो’ म्हणायचे. कागदावर घेते आहे. लिहिताना बरं वाटतं, एवढंच.

उचगावात घराला लागूनच त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं. मी शाळेत ग्रंथपाल. लेथवर लोखंड कापताना धारेवर सारखं तेल सोडावं लागतं, नाहीतर धार जळते. ते पेट्रोलियमचं तेल त्यांच्या हातांना सोसायचं नाही. बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठायचं, कातडी फाटायची, जेवताना मीठ लागलं की ते डावा हात मांडीवर दाबून धरायचे. आणि वापरून काळं झालेलं तेल जायचं कुठं? मागच्या ओढ्यात. पाण्यावर रंगीत तवंग यायचा. मुलगी लहान होती, ती टाळ्या वाजवायची — किती छान रंग! ते उठून आत जायचे.

मग ते एरंडेलाच्या मागे लागले. जमिनीत उगवतं ते जमिनीत परत जाईल, नासाडी करणार नाही, असं त्यांचं म्हणणं. एरंडेल तापवायचं, त्यात काही मिसळायचं, गाळायचं, लेथवर घालून बघायचं. एक अख्खा पावसाळा त्यांचा लेथ त्या तेलावर चालला. न चिकटता, न गंजता. आणि त्यांचे हात बरे झाले. खरंच बरे झाले, मी बघत होते.

पण ते हात माझ्या वाट्याला येत नव्हते. शाळेतून यावं तर हे शेडमध्ये, जेवण झालं की पुन्हा शेडमध्ये. कपड्यांना, उशीला, सगळ्याला तो जड, कोंदट वास. एखाद्या वासाचा मत्सर वाटू शकतो का? मला वाटायचा. कुणाला सांगितलं असतं तर हसले असते.

त्यांचे शाळेपासूनचे मित्र दत्तूदादा — राधानगरीच्या बाजूला त्यांचं गुऱ्हाळ. ऊस गाळायचा चरक फिरतो तेव्हा त्यात घातलेलं तेल थेंब थेंब रसात उतरतं. सुकुमार एकदा आमच्या सोप्यात बसून त्यांना म्हणाले, “दत्ता, ते काळं तेल आपण गुळातनं खातोय की.”

“मग? आजवर कोण मेलंय व्हय?” दत्तूदादा हसले. पण मित्राचं मन मोडवेना. “बरं, घाल तुझं एरंडेल. गिऱ्हाइकाचं पोट साफ झालं तर तुझं नाव सांगतो बघ!”

चेष्टेत ठरलं, पण सुकुमारसाठी ती चेष्टा नव्हती. चरक हंगामभर नीट चालला असता तर शेजारचे गुऱ्हाळवाले तेच तेल घेणार होते. लेथ बंद करायचा आणि फक्त तेल करायचं — एवढंच त्यांना आयुष्यात हवं होतं. एवढंच.

मी लांबण लावते आहे. कळतंय मला.

खंडेनवमीला सगळीकडे यंत्रांची पूजा होते. पुसायचं, तेल घालायचं, कुंकू लावायचं, झेंडूची माळ. दत्तूदादांच्या घरची आणखी एक रीत होती — पूजा झालेल्या चरकाला हंगामाचा पहिला ऊस लागेपर्यंत हात लावायचा नाही. म्हणजे दिवाळी होईस्तोवर तो तसाच उभा. सुकुमारनी त्यांच्यासाठी तेलाचा डबा तयार करून माझ्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवला होता. शेडमध्ये धूळ उडते म्हणून.

त्या सकाळी मी ओटा धूत होते. डबा मध्ये आला. मी तो रागानं पायानंच सरकवला — आणि तो आडवा झाला. उचलेपर्यंत निम्मा सांडला होता. सुकुमार आंघोळीला गेले होते, दत्तूदादांचा मुलगा मोटरसायकलवरून डबा न्यायला निघालाय असा फोन येऊन गेलेला. मी जुन्या साडीनं फरशी पुसली. आणि डबा भरला. फोडणीच्या करडईच्या तेलानं. डॉक्टरांनी सांगितल्यापासून आमच्याकडे तेच असायचं. तेही बियांचंच तेल, काय फरक पडतो? — असं मला खरंच वाटलं. ढवळलं, झाकण लावलं, डबा पुसून दारात ठेवला.

इथवरची चूकच आहे. चुकीबद्दल लिहायला मी बसलेली नाही.

हंगामाच्या पहिल्या दिवशी आम्ही दोघं गुऱ्हाळावर गेलो. चुलवाण पेटलेलं, ऊस रचलेला, गूळ करणारा गुळव्या काहिलीपाशी तयार. सुकुमार नवीन सदरा घालून आले होते. चरक सुरू झाला, कुरकुरला, अडखळला. दांडे ज्यांत फिरतात त्या पितळी बुशांतून धूर निघाला आणि सगळं जागच्या जागी अडकलं. खोलून बघितलं तर आतलं तेल घट्ट झालेलं, तेल सोडायची भोकं बुजलेली. वरून घातलेलं नवीन तेल खाली उतरलंच नव्हतं.

दत्तूदादा सगळ्यांसमोर ओरडले, “काय रं सुकुमार, चरकात भजी तळायला लावलंयस व्हय? हे वंगण न्हवं, गोडंतेल हाय! माझा ऊस वाळंल, तुझं काय जातंय?”

माणसं हसली. सुकुमार खाली बसून एक एक भाग पुसत राहिले.

बाजूला काढून ठेवलेल्या बुशाला मी अंगठा लावला. आणि मला कळलं. तेलाच्या बुधलीला बाहेरून येतो ना, तो पिवळट, चिवट थर, गरम पाण्यानं निघत नाही, राखेनं घासत बसावं लागतं — तोच. तसाच. रोज घासणाऱ्या बाईच्या अंगठ्याला तो ओळखू येणार नाही? सुकुमारना ओळखता आला नाही. त्यांनी कधी बुधली घासली नव्हती.

परतताना एसटीत त्यांनी मला हळूच विचारलं. दोष द्यायला नाही, नुसतं विचारलं. “त्या डब्यात दुसरं काय पडलं न्हवतं ना गं?”

“नाही. तुमचंच होतं.”

एवढं सोपं होतं ते.

घरी गेल्यावर सांगायचं ठरवलं होतं. दत्तूदादा भडकतील ही भीती ओसरली की सांगू, दिवाळीला येऊन राहिलेले पाहुणे गेले की सांगू. पण तोवर त्यांनी शेडमधलं सगळं एरंडेल देवळात दिव्यांना देऊन टाकलं. लेथला पुन्हा पेट्रोलियमचं तेल आलं. ओढ्यात तवंग आला. आणि संध्याकाळी ते घरी येऊ लागले. हातपाय धुऊन माझ्याजवळ बसू लागले. मी शाळेतून पुस्तक आणायचे आणि वाचून दाखवायचे. ते डोळे मिटून ऐकायचे, मध्येच म्हणायचे, “परत वाच की तेवढं.” त्यांचे हात पुन्हा फाटले. जेवणं झाली की मी मलम घेऊन बसायचे. एकेक बोट, एकेक बेचकं. ते हात माझ्या मांडीवर असायचे आणि मी सावकाश लावायचे — लागेल त्याहून किती तरी सावकाश. सांगितलं असतं तर ते उठून शेडमध्ये गेले असते. म्हणून मी सांगितलं नाही. भीतीनं नाही. भीती केव्हाच संपली होती.

त्या संध्याकाळी मला आजही हव्या आहेत. हे लिहितानाही हव्या आहेत.

ते जाण्याच्या थोडं आधी शेजारच्या कारखान्यात कुणी विक्रेता वनस्पतीचं वंगण घेऊन आला होता. आता ते बाजारात सहज मिळतं म्हणे. सुकुमारनी मुद्दाम जाऊन बघितलं, दोन थेंब हातावर घेऊन आले. अंगठ्यानं चोळलं, वास घेतला, उजेडात धरलं. किती वेळ. मग म्हणाले, “आपलंबी असंच होतं गं. एरंडेल इतक्यात चिकटत न्हाय. माझं कुठं चुकलं असंल?”

मी म्हणाले, “जाऊ द्या आता.” आणि मलमाची डबी घ्यायला उठले.

त्यांचं कुठंच चुकलं नव्हतं.