ओव्हलचं शेपूट

आमच्या बायकोएवढी हट्टी बाई अख्ख्या मंगळवार पेठेत दुसरी झाली नाही. हे मी तिच्या तोंडावर सांगितलंय, त्यामुळं मागं सांगायला मला काही वाटत नाही. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे उचगावच्या एका बारशाच्या फोटोचा माउंट. माउंट म्हणजे फ्रेमच्या आत फोटोभोवती जाड पुठ्ठा असतो, तो. त्यात ओव्हल कापायचा होता, अंड्यासारखा. आमच्या फ्रेमच्या दुकानात तसलं काम कॉम्प्युटरवरचं मशीन करतं. त्या दिवशी तीनदा कापला आणि तिन्ही वेळा शेपूट राहिलं. पातं जिथनं निघालं तिथंच फिरून येऊन मिळायला पाहिजे; जरा बाजूला सरकलं की तिथं उंदराच्या शेपटीएवढी चीर राहते. तिनं माझ्याकडं बघितलं. "पातं नवं हाय न्हवं?" "नवंच हाय की," मी म्हणालो. जुनं होतं.

मी चौथी शिकलेला, ती सातवी. दुकानात सरळ काप माझा, हातानं, पट्टी लावून; वाकडं सगळं तिच्याकडं. मशीन घेतलं तेव्हा बसवायला आलेल्या माणसाला जयसिंगपूरला सासरवाडीला जायची घाई होती. हिनं त्याला दोन दिवस हलू दिलं नाही. तांबडा रस्सा वाढायची आणि म्हणायची, "वळणावर का फसतंय तेवढं सांगा पावणं. सरळ काय, आमचं हे बी कापत्यात." तो गेला तरी 'पावणं' हे नाव मागं राहिलं, मशिनला. रोज सकाळी फडक्यानं पुसत, "पावणं, आज रुसू नगा," असं त्याच्याशी बोलायची. माझ्याशी एवढ्या गोडीनं ती कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

ओव्हल बिघडला की काय बघायचं, ते तिचं पाठ होतं. आधी पातं. मग खाली अंथरलेला पुठ्ठा, कारण त्याला चरे पडले की पात्याचं टोक त्यात घसरतं. मग पात्याचा स्क्रू, मग वळणावरचा वेग. आणि ह्या सगळ्याच्या आधी मी. लाईट गेली तरी आधी मी. एकदा पावसाळ्यात माउंटचा बोर्ड सर्दावून फुगला, मशिनच्या चापात बसेना. दुकानात एक पैलवान स्वतःचा गदा घेतलेला फोटो द्यायला आलेला. ही त्याला म्हणाली, "पैलवान, हितं दोन्ही हात ठेवा. आन श्वास सोडू नगा, बोर्ड हलतोय." त्या गड्यानं खरंच श्वास धरला. ओव्हल पुरा होईपर्यंत तांबडालाल झाला. काप झकास आला, पण माणूस खुर्चीत बसला तो दोन ग्लास पाणी पिऊनच उठला.

आतनं निघालेला पुठ्ठ्याचा गोल तुकडा तिनं कधी टाकला नाही. ती तिची पाटी. 'दूध तापवलंय, झाकण ठेवा.' 'गोळी खाल्ली का.' 'चप्पल बाहेर काढा, काल चिखल मांजरानं न्हवता आणला, तुम्हीच आणलासा.' घरात जिथं बघाल तिथं ओव्हल. मी एकालाही कधी लिहून उत्तर दिलं नाही. माझं अक्षर वाईट आणि आवाज मोठा, मी आपला खालनं, दुकानातनंच ओरडायचो.

आता माझी खोड सांगतो. चालतं पातं टाकायला माझा हात होत नाही. ती वापरलेल्या पात्याला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावायची, पुन्हा वापरू नये म्हणून. मी तो थिनरनं पुसायचो आणि पातं नव्यांच्या डबीत ठेवून द्यायचो. "थिनरचा वास कुठनं येतोय वं?" "फ्रेम पुसली." ती किती वेळा सांगायची, सरळ कापाला जुनं पातं चालून जातं, वळणावर ते वाकतं आणि शेपूट राहतं. मी म्हणायचो, मशीनच भिकार हाय. किती वर्षं म्हणालो, काय सांगू.

त्या दिवशी तिसरं शेपूट बघून ती भांडली नाही. "उद्या बघू. तुम्ही वर जाऊन चहा टाका," एवढंच म्हणाली. दुकानाच्या वरच आमचं घर. ती जरा वेळानं आली, अर्धा कप चहा प्याली आणि म्हणाली, छातीत कसंतरी होतंय. रिक्षा दवाखान्यात पोचली, ती पोचली नाही. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ म्हणाला, "दाजी, हार घालायला फोटो पायजे. बाहेरनं साधी चौकोनी फ्रेम आणतो."

"साधी? तिला?" म्हणालो आणि फोटो घेऊन खाली गेलो. मशीन मी कधी चालवलं नव्हतं. पण तिच्या माउंटला शेपूट राहिलं असतं, तर मरेपर्यंत ते भिंतीवर माझ्यासमोर राहिलं असतं. तिच्या पाठाप्रमाणं आधी पातं. बघायला गेलो, तर मशिनवर कालचाच एक शेपूट राहिलेला ओव्हल ठेवलेला, वर तिचं अक्षर: 'पातं मी बदललंय. नाक हाय मला. आता हात लावू नगा.'

मी दोनदा वाचलं. "व्हय, मीच घातलंतं जुनं!" मोठ्यानं म्हणालो.

वरनं मेहुणा ओरडला, "काय म्हणालासा दाजी?"

"तुला न्हाई!"

आणि हात लावला. खालचा पुठ्ठा बदलला, स्क्रू आवळला, वेग कमी केला. "पावणं, आजच्या दिवस," म्हणालो आणि बटण दाबलं. ओव्हल सुटून आला. कडेवरनं बोट फिरवलं, कुठनं सुरू झाला ते सापडेना. तसाच उचगावच्या बाळाचाही कापून ठेवला.

मग तिची पाटी उलटी केली. मागं कोरं होतं. कानावरची पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'बरं.' ती तिच्या फोटोमागं ठेवली, आणि फ्रेमच्या पाठीला खिळे ठोकले.