कॉम्प्युटरनं बुडवलेली म्हैस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — सुमनलासुद्धा नाही. सुमन माझी बायको. बाहेर खाल्लेली मिसळही तिच्यापासून लपवणं मला जमत नाही. हे मात्र लपलं. कसं? मीच ते चारचौघांत सांगत राहिलो, म्हणून.

आमच्या गोतावळ्यात गोष्टी रंगवणारा मी. बारसं असो नाहीतर वास्तुशांत, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतंच, "दाजी, ती म्हशीची सांगा की!" मग मी सांगतो, कॉम्प्युटरनं म्हैस कशी बुडवली ते. लोक पोट धरून हसतात.

माझं कामच तसं हसण्याजोगं. पंचगंगेचं खोरं मी कॉम्प्युटरमध्ये मांडतो. जमिनीचे चौकोन पाडायचे — इथं ऊस, इथं घरं, इथं रस्ता — आणि वरून खोटा पाऊस पाडायचा. ऊस पुसून तिथं प्लॉट आणि भराव टाकला की पाणी कुणाच्या दारात शिरतं, ते दिसतं.

संभाजी हा सुमनचा धाकटा भाऊ, कसबा बावड्याचा. मला हा माणूस आवडत नाही. आज कबूल करायला बसलोय म्हणून आवडायला लागलाय, असंही नाही. मोठ्यानं बोलतो, मोठ्यानं जेवतो, आणि पावण्यांना माझी ओळख करून देताना म्हणायचा, "हे आमचं दाजी. एसीत बसून पाऊस पाडत्यात."

एकदा मात्र त्यानं सरळ विचारलं. ओढ्याकडच्या सखल तुकड्यात गोठा बांधायचा होता. "तुमच्या त्या डबड्यात बघा की जरा, पाणी येतंय काय."

मी बघितलं. वरच्या अंगाला उसाच्या जागी घरं उठत होती. ती चौकोनांत भरली, पाऊस पाडला. गोठ्याच्या जागेवर निळा रंग चढत गेला — छातीएवढं पाणी. पुन्हा चालवलं. पुन्हा तेच.

सांगणारच होतो. पण त्या रविवारी सासुरवाडीच्या पंगतीत तो ओरडला, "दाजींना वाढू नका रं! आधी कॉम्प्युटरला इचारू द्या, भूक लागल्या काय!" अख्खी पंगत हसली. सुमनही. त्याच हशात त्यानं विचारलं, "मग, बुडतोय काय आमचा गोठा?"

मी भाकरी मोडत म्हणालो, "न्हाय येत पाणी. बांध बिनघोर."

रागात? छे — अगदी शांतपणे. मनात म्हटलं, राहू दे गड्याला एकदा चिखलात उभा. दुसऱ्या दिवशी फोन करता आला नसता का? पाया खणताना सांगता आलं नसतं? गोठ्यावर पत्रे चढले तेव्हा नारळ फोडायला मलाच बोलावलं होतं. फोडला.

मग मोठं पाणी आलं. अशा वेळी बावड्यातली माणसं जनावरं सोडून वर रस्त्यावर आणून बांधतात. शेजारी संभाजीला हाका मारत होते. तो म्हणाला, "आमच्या दाजींनी बघितलंय. हितं पाणी येत न्हाय." पहाटे ओढा आत शिरला. एक म्हैस त्यानं दावं कापून सोडवली. दुसरी, गौरी — गाभण होती — तिच्यापर्यंत पोचेस्तोवर ती आखूड दाव्यालाच बुडाली.

आणि मी? उंचावरच्या कॉलनीत, तिसऱ्या मजल्यावर, चहा पीत होतो. पाणी कुठं चाललंय हे कोल्हापुरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? फोन हातात होता. पण लावला असता तर — मला आधीच कसं माहीत, हे सांगावं लागलं असतं. म्हणून नाही लावला.

नंतर म्हणालो, "मॉडेल आहे, चुकतं कधी कधी." यावर घरच्यांनी तोंड उघडायच्या आत संभाजीच गरजला, "दाजींस्नी कुणी बोलायचं न्हाय! मशीन हाय ते. त्यांचा काय दोष?"

त्या दिवसापासून त्यानं माझी चेष्टा केलेली नाही. मी म्हशीची गोष्ट रंगवायला लागलो की तो हात धुवायला उठतो, आणि हसणं थांबेपर्यंत परत येत नाही.

कॉम्प्युटर चुकला नव्हता. त्यानं छातीएवढं सांगितलं होतं — छातीएवढंच आलं.

वाचलेल्या म्हशीचं दूध तो रोज सकाळी आमच्या दारात ठेवून जातो. दाट असतं. मी पितो.