खलनायकाच्या नावानं आंघोळ

भातखाचरातल्या चिखलाचा वास आला की हिर्डोशीतली ती आवणी आठवते. रोपं लावताना आम्ही दोघी जावा सगळ्यात मोठा नट कोण, यावरून भांडत होतो. तेवढ्यात मोबाईलवर बातमी आली, सिनेमातला एक जुना खलनायक वारला. तो टीव्हीवर दिसला की सासूबाई हटकून ‘मुडदा बशिवला तुजा’ म्हणायच्या. त्या दिवशी मात्र घरी आल्यावर त्या चुलीकडे न जाता न्हाणीत शिरल्या आणि डोक्यावरून पाणी घेतलं. ‘आत्या, तो आपला कोण लागतो?’ जावेनं विचारलं. ‘इतकी वर्सं माज्या शिव्या खाल्ल्या त्यानं, परका कसा?’ त्या म्हणाल्या. आजही कुणी हा वाद काढला की मी बेधडक त्या खलनायकाचं नाव घेते. बाकी कुठल्याच नटासाठी आमच्या घरात कुणी सुतकाची आंघोळ केलेली नाही.