कॅप्टनला अडवणारी

विश्रांतवाडीच्या बागेत रोज सकाळी एक मुलगी बाकावर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची. पंचविशीची, केस घट्ट बांधलेले, मूठ मांडीवर आवळलेली. एकदा मी विचारलंच, "पाठांतर चाललंय का?"

"सहवैमानिक व्हायचंय, काका. सरावाच्या विमानात मी अडवते का ते बघायला कॅप्टन मुद्दाम चुकले, मी गप्प राहिले. नापास झाले. परवा पुन्हा परीक्षा आहे."

"मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. कॅप्टन म्हणून चालेन का?"

ती हसली आणि ताठ बसली. "सर, विमान फार खाली आलंय. वर घ्या."

मी शाळेतला आवाज काढला. "मला शिकवू नका!"

फिरायला आलेले दोघे थबकले. तिची मूठ मात्र सुटली. आवाज न चढवता ती म्हणाली, "नाही, सर. विमान आता माझ्या ताब्यात."

"हे उद्धटपणाचं नाही वाटत?" मी विचारलं.

"आदर खाली उतरल्यावरही दाखवता येतो, काका."

चार दिवसांनी ती लांबूनच अंगठा उंचावत आली. पास झाली होती.

माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत एकाही शिक्षकाने मला असं अडवलं नव्हतं. तिला भेटेपर्यंत मला त्याचा अभिमान होता.