उताराच्या मैदानावरचा क्लब

पहिल्यांदा ‘नको’ म्हणालेल्या माणसाला तुम्ही शेवटचं दुसऱ्यांदा कधी विचारलंत?

विचारते आहे, कारण माझ्या डोळ्यांदेखत एक फुटबॉल क्लब मेला आणि त्याला कुणीही मारलं नाही. बिल्डर आला नाही, बुलडोझर आला नाही, कुणी कट केला नाही. मी पत्रकांच्या घरात वाढले. पुण्याच्या आमच्या दोन खोल्यांत घड्या घालायच्या पत्रकांचा गठ्ठा ताटाशेजारीच असायचा आणि प्रत्येक पत्रकात एक शत्रू असायचा. इथे मला शत्रू सापडत नाही. राग कुठे ठेवावा तेच कळत नाही.

क्लब आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डजवळच्या एका छोट्या गावातला. गावाबाहेर वैद्यकीय उपकरणांचा कारखाना आहे, तिथे मी इंजिनियर. पहिल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी घरातल्या शांततेला कंटाळून चालायला निघाले, तर कुंपणाआडून एक म्हातारे गृहस्थ ओरडले, “पोरी, हात रिकामे आहेत ना? मग हे धर!” त्यांनी गोलच्या जाळ्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. ते क्लबचे चिटणीस. तिथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारायचे, पण मनातल्या मनात काका म्हणायचे. पुढच्या रविवारी बोलावणं नसताना गेले. काका म्हणाले, “उशीर केलास.”

मैदान चांगलंच उताराचं होतं. पाहुण्या संघाचा चेंडू खालच्या ओढ्यात गेला की आमची माणसं अभिमानाने हसायची. कपडे बदलायची खोली म्हणजे बंदरावरून आणलेला लोखंडी कंटेनर. क्लबचा इतिहास काकांना तोंडपाठ. गावात पूर्वी चामडं कमावायचा कारखाना होता, त्यातल्या कामगारांनी हा क्लब काढला. हा इंग्रजांचा खेळ. एके काळी तो खेळणाऱ्याला देशी खेळांच्या संघांतून काढून टाकत.

“माझा भाऊ हर्लिंगमध्ये गावात सगळ्यात भारी,” काका सांगायचे. हर्लिंग म्हणजे तिथला काठीने खेळायचा खेळ. “एक रविवार इथे खेळला आणि संपलं. काढला त्याला.”

“मग पस्तावला का?”

“तर! पण सँडविच आमच्याकडची चांगली होती.”

मला हे लोक आवडले ते यासाठीच. बंडखोर होते, आणि बंडाचं भाषण करत नव्हते.

टाळेबंदीच्या आधीची शेवटची वार्षिक सभा मी पाहिली. पबच्या मागच्या खोलीत. अध्यक्षांनी विचारलं, “चिटणीस?” काका उठून म्हणाले, “या वर्षी नाही. गुडघे गेले.” मी घाबरलेच. पण चहाचं सगळं पाहणाऱ्या, जुन्या गोलकीपरच्या बायकोने त्यांना कोपराने ढोसलं. “गुडघ्यांनी लिहितोस का रे?” सगळे हसले. “तरुणांना येऊ द्या की,” काका म्हणाले. “कुठले तरुण?” तिने शेजारच्या पोराकडे बोट दाखवलं. “हा? याला स्वतःचे बूट सापडत नाहीत!” मग काकांनी सुस्कारा सोडला. “बरं. पण एकच वर्ष.” टाळ्या पडल्या. खजिनदाराचंही तेच झालं: दोन नकार, एक सुस्कारा, एकच वर्ष. हे एकच वर्ष म्हणे कित्येक वर्षं चाललं होतं.

मला तर ती आपली पंगतच वाटली. पाहुणा पानावर हात आडवा धरतो, आणि वाढणारी त्या हाताखालून जिलबी सरकवते. तिथे आपणहून ‘मी होतो’ म्हणणारा आगाऊ ठरतो. आधी नाही म्हणायचं, आणि लोकांनी ते ऐकायचं नाही.

मग २०२० चा वसंत आला आणि सगळं बंद झालं. काका सत्तरीच्या पुढचे, एकटे. त्यांना घराबाहेर पडायची मनाई. मी सामान दारात ठेवून मागे सरकायचे. ते खिडकीच्या काचेआडून विचारायचे, “रेघा आखल्यास का?” सामने नव्हते, तरी मी मैदानावर पांढऱ्या रेघा आखत होते. पावसाने पुसल्या की पुन्हा.

पुढच्या वर्षाची सभा संगणकाच्या पडद्यावर ठरली. लीगला अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार अशी तीन नावं हवी होती. नाही दिली तर क्लब बाद. आणि क्लब खेळत असेपर्यंतच मैदान वापरा, हा जमिनीच्या मालकाच्या आजोबांनी दिलेला शब्द. क्लब गेला की मैदानही गेलं. नोकरीसाठी गाव सोडणारे अध्यक्ष या वेळी खरंच मोकळे होणार होते.

बाबांना फोन केला. “पत्रक काढ,” ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मी काढलं. घरोघरी टाकलं. ‘मैदान आपलं आहे, पुढे या.’ लोक रस्त्यापलीकडून अंगठा दाखवून म्हणाले, “ग्रँड लिहिलंयस!”

सभेला बरेच जण आले. ज्याचा त्याचा एक चौकोन. काकांच्या चौकोनात कपाळ आणि छत.

“चिटणीस?”

“या वर्षी नाही,” काका म्हणाले. “गुडघे गेले.”

अध्यक्ष भला माणूस. हळुवारपणे म्हणाले, “समजू शकतो. इतकी वर्षं केलंत, आम्ही ऋणी आहोत.” आणि सगळ्यांनी आपापल्या चौकोनात टाळ्या वाजवल्या. चहावाल्या बाईंचं कोपर हललेलं मी पाहिलं. ते त्यांच्याच सोफ्याच्या हाताला लागलं.

खजिनदार नाही म्हणाले. त्यांचेही आभार मानले गेले. अध्यक्षपदासाठी ज्याला विचारलं, तोही शिरस्त्याप्रमाणे नाही म्हणाला. मग मी रिवाज मोडला. “मी होते चिटणीस!” आणि थांबले नाही. चामड्याचा कारखाना, काकांचा काढून टाकलेला भाऊ, उतार, ओढा, सगळं बोलले. घरात जे शिकले होते ते सगळं ओतलं. सगळे खाली मान घालून ऐकत होते. मी सर्वांना हाक मारत होते, आणि सर्वांना मारलेल्या हाकेला कुणी एकटा ओ देत नाही.

“हे एक नाव झालं,” अध्यक्ष म्हणाले. “आणखी दोन हवीत.”

कुणी बोललं नाही. क्लब तिथे संपला.

उन्हाळ्यात मैदानात गाई आल्या. शरद ऋतूत काकांची मुलगी त्यांना लेटरकेनीला न्यायला आली, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. गाडीत सामान भरून झालं होतं. काका दारात उभे होते.

“तुला एक सांगू, पोरी? मी त्या दिवशी फक्त पहिलं ‘नाही’ म्हणालो होतो.”

मी त्यांच्याकडे वळले.

“दुसरं तयार होतं. ते तरुणांचं. तिसऱ्याला हो म्हणणार होतो. शर्टसुद्धा इस्त्रीचा घातला होता.”

“आम्हाला कपाळच दिसत होतं,” मी म्हणाले.

ते हसले. “डॅडी, चला, वाटेत अंधार पडेल,” मुलगी म्हणाली. गाडी मैदानावरून गेली तेव्हा त्यांनी मान वळवली नाही. कुंपणापाशी एक गाय उभी होती, जिथे मी पहिल्यांदा जाळं धरलं होतं तिथेच.

तुमच्या वाचनालयात, गल्लीतल्या मंडळात, मुलांच्या खेळाच्या क्लबात गेल्या सभेला कुणीतरी ‘या वर्षी नको’ म्हणालं असेल, आणि तुम्ही त्याचे आभार मानले असतील. पत्रक काढू नका. ग्रुपवर टाकू नका. आज त्याच्या दारात जा आणि पुन्हा विचारा. नाही म्हणाला तर उठू नका. चहा घ्या, गुडघ्यांची चौकशी करा, आणि मग तिसऱ्यांदा विचारा.